रयतेचें विद्यापीठ व सरकारी मदतीची काटछाट

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



आजच्या सभेला विषय कोणता घ्यावा असें चिटणिसांनीं विचारलें, तेव्हां आम्हीं "विद्यापीठ" असें सांगितलें. तें ऐकून शेजारीं बसलेले एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "मास्तर, आमचा नांगर वावरांत, आमचा भाता भट्टीवर, विद्यापीठाचें आम्हांला काय करायचें?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्याकरितांच आम्ही उभे आहों. मात्र उत्तराला आरंभ आपल्या गांवापासून न करतां फार दूरच्या मुलखापासून करणार आहों. दुसऱ्याचें घर जळालें तें कसें, हें पाहिलें म्हणजे आपल्या घराच्या वाशांकडे नजर जाते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन नांवाचें एक संस्थान आहे. संस्थान म्हटलें म्हणजे तेथें राजा असेल असें समजूं नका. गव्हर्नर लोक निवडतात, कायदेमंडळ लोक निवडतात. आपल्याकडे जसें राज्य तसेंच तें. थंडी कडाक्याची, हिंवाळाभर बर्फ, आणि शेतकऱ्याचा मोठा आधार दूधदुभत्याचा. १८४८ सालीं हें संस्थान अमेरिकेच्या संघांत सामील झालें आणि त्याच सालीं त्यानें आपलें विद्यापीठ स्थापलें. दुसऱ्या वर्षीं मॅडिसन शहरीं पहिला वर्ग भरला, तेव्हां विद्यार्थी होते अवघे १७.

पुढें १८६२ सालीं, अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलेलें असतांना, अब्राहाम लिंकन यांनीं एका कायद्यावर सही केली. मॉरिल नांवाच्या प्रतिनिधीनें तो आणला म्हणून त्यास मॉरिल कायदा म्हणतात. काँग्रेसमध्यें ज्या संस्थानाचे जितके सभासद, त्या दर सभासदामागें ३०,००० एकर सरकारी जमीन त्या संस्थानाला द्यावी. ती विकून जो पैसा येईल त्याच्या व्याजावर कॉलेज चालवावें. आणि त्या कॉलेजांत इतर विद्यांबरोबर शेतकी व यंत्रकाम शिकवावें, असा तो कायदा. कष्टाचे धंदे करणाऱ्या वर्गाला विद्या मिळावी, हा हेतु कायद्यांतच लिहिलेला होता. त्यापूर्वीं कॉलेज म्हणजे बहुतेक पाद्री, वकील आणि पैसेवाले यांच्या मुलांची मिरास. नांगर धरणाऱ्यासाठीं व हातोडा मारणाऱ्यासाठीं सरकारनें कॉलेज काढावें, ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. ती सरकारी म्हटलेली जमीन आकाशांतून पडलेली नव्हती. मूळच्या रहिवाशांना हुसकून, त्यांच्याकडून तहावर सह्या घेऊन ती मिळविलेली होती. मॅडिसनचें विद्यापीठ ज्या भूमीवर उभें आहे ती हो-चंक लोकांची. १८३२ च्या तहानें ती त्यांच्या हातून गेली. एका गरिबाच्या पानांतलें काढून दुसऱ्या गरिबाला वाढलें, हा डाग त्या पुण्यकर्मावर आहे, आणि सत्य शोधणाऱ्यानें तो सांगितला पाहिजे.

आतां ह्या विद्यापीठानें शेतकऱ्याचें काय भलें केलें तें पहा. शेतीचीं कामें बर्फामुळें थांबतात तेव्हां शेतकऱ्यांच्या पोरांनीं येऊन शिकावें, म्हणून १८८५ सालीं हिंवाळ्याचा छोटा अभ्यासक्रम निघाला. १८९० सालीं तेथील स्टीफन बॅबकॉक नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें दुधाची परीक्षा शोधून काढली. तोंपर्यंत दूध घेणारे वजनावर पैसे देत. ज्यानें पाणी घातलें त्याचा फायदा, जो सचोटीनें चालला त्याचा तोटा! बॅबकॉकनें अरुंद मानेची, खुणा केलेली बाटली घेतली, दुधांत गंधकाचें तेजाब घातलें, बाटली यंत्रांत गरगर फिरविली, वर ऊन पाणी ओतलें, आणि स्निग्धांश मानेंत चढून किती आहे तो खुणेवर दिसूं लागला. आज आपल्या गांवच्या डेअरींत फॅट पाहून दुधाचा दर ठरतो. येथें यंत्रें निराळीं आहेत, पण चाल तीच. ह्या युक्तीचें बॅबकॉकनें पेटंट घेतलें नाहीं. लोकांच्या पैशानें लागलेला शोध लोकांना फुकट मिळाला.

दुसरी गोष्ट १९३३ सालच्या फेब्रुवारींतली. एका शेतकऱ्याचीं जनावरें अंगांतून रक्त जाऊन मरत होतीं. तो बिचारा एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्यें न गोठणारें रक्त आणि बुरशी आलेलें गवत मोटारींत घालून, बर्फाच्या वादळांतून दीडशें मैलांच्या वर वाट तुडवीत मॅडिसनला आला. सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. विद्यापीठांत कार्ल लिंक नांवाच्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेचें दार मात्र उघडें होतें. लिंक व त्याचे सहकारी त्या सडक्या गवताच्या मागें कित्येक वर्षें लागले आणि रक्त पातळ करणारें द्रव्य त्यांनीं वेगळें काढलें. त्यांतूनच पुढें वॉरफरिन नांवाचें औषध निघालें. १९४८ सालीं तें उंदरांसाठीं विकूं लागले, १९५४ सालीं माणसांना देण्याची परवानगी मिळाली. हृदयाच्या रोग्यांना रक्ताची गांठ होऊं नये म्हणून हें औषध आजहि देतात. एका शेतकऱ्याची मेलेली कालवड, आणि तिच्यापायीं किती माणसांचे प्राण वांचले त्याची गणती नाहीं!

त्या औषधाच्या नांवांत एका संस्थेचें नांव दडलेलें आहे. हॅरी स्टीनबॉक नांवाच्या तेथील प्राध्यापकानें १९२३ च्या सुमारास असें दाखविलें कीं, खाद्यपदार्थांवर विशिष्ट किरण सोडले असतां त्यांत ड जीवनसत्त्व वाढतें, आणि त्यानें मुलांचा मुडदूस टळतो. ह्याचें पेटंट घेऊन त्याचें उत्पन्न विद्यापीठाच्या संशोधनाला मिळावें, म्हणून १९२५ सालीं एक निधिसंस्था निघाली. तिच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून वॉरफरिन हें नांव पडलें. ही संस्था आजहि विद्यापीठाला पैसा पुरविते. चार्ल्स व्हॅन हाइस नांवाचे विद्यापीठाचे अध्यक्ष विसाव्या शतकाच्या आरंभीं सांगत कीं, संस्थानांतल्या प्रत्येक घरापर्यंत विद्यापीठाचा उपयोग पोंचला पाहिजे. विद्यापीठाची हद्द म्हणजे सबंध संस्थानाची हद्द, असा तेथें मग संप्रदायच पडला.

हें इतकें विस्तारानें सांगितलें, कारण काय होतें हें कळल्याशिवाय काय गेलें हें कळत नाहीं. आतां काटछाटीकडे वळूं.

१९७० नंतरच्या दशकांत मॅडिसनच्या विद्यापीठाच्या एकंदर जमेंत सरकारी पैसा शेंकडा ४० च्या आसपास असे. अलीकडे तो शेंकडा १५ च्या आसपास आला. येथें हिशेब नीट समजून घ्यावा. सगळा वाटा सरकारनें कापला म्हणून उतरला असें नव्हे; संशोधनाचा पैसा, फी, देणग्या वाढल्या म्हणूनहि तो लहान दिसतो. पण ज्या खर्चाला दुसरें कोणी पैसा देत नाहीं, म्हणजे मुलांना शिकविणें, दिवाबत्ती, इमारतींची डागडुजी, लहान गांवचीं कॉलेजें, त्या खर्चावर सरकारचा आंखडलेला हात बरोबर पडला.

२०११ सालीं स्कॉट वॉकर नांवाचे गव्हर्नर आले. त्यांनीं सबंध संस्थानांतील सरकारी विद्यापीठांची मदत दोन वर्षांच्या अंदाजपत्रकांत सुमारें २५ कोटी डॉलरनें उतरविली. २०१३ सालीं दुसरी गोष्ट उघडकीस आली. विद्यापीठांच्या मध्यवर्ती कारभाराजवळ निरनिराळ्या खात्यांत मिळून सुमारें ६५ कोटी डॉलर शिल्लक होते, आणि इकडे दरवर्षीं फी वाढतच होती. कारभारी म्हणाले, हा पैसा अडीअडचणीसाठीं राखलेला आहे. असेलहि. परंतु लोकांना तो आधीं सांगितला नव्हता. लोक खवळले, आणि त्या रागाच्या भरांत कायदेमंडळानें संस्थानांतील विद्यार्थ्यांची फी जागच्या जागीं गोठविली. मंडळी, ही गोष्ट गांठीं बांधा. ज्या संस्थेचा हिशेब झांकलेला, तिच्यावर घाव घालणें शत्रूला सोपें जातें. आपल्या सोसायट्यांना आणि शिक्षणसंस्थांनाहि हें लागू आहे.

फी गोठविली हें ऐकून गरिबाला बरें वाटतें. आम्हांलाहि वाटलें असतें. पण २०१५ सालीं गव्हर्नरांनीं पुन्हां दोन वर्षांसाठीं ३० कोटी डॉलरची कपात सुचविली. त्याबदल्यांत विद्यापीठांना कारभाराचें स्वातंत्र्य देऊं, असें आमिष दाखविलें. कायदेमंडळानें तें स्वातंत्र्य वगळलें आणि कपात मात्र २५ कोटींची ठेवली. म्हणजे एका बाजूनें विहिरीचा झरा बुजविला, दुसऱ्या बाजूनें मोट धरून ठेवली, आणि वर म्हटलें, मळा हिरवा ठेवा! सरकारजवळ पैसा नव्हता असेंहि नाहीं. त्याआधींच्या वर्षांत ह्याच सरकारनें करांत मोठी सूट दिली होती. पैसा कोणाकडे सोडावयाचा आणि कोणाकडून काढावयाचा, एवढाच प्रश्न होता.

त्याच अंदाजपत्रकांत आणखी एक चमत्कार होता. विद्यापीठाच्या कायद्यांत त्याचीं ध्येयें लिहिलेलीं आहेत. त्यांत सत्याचा शोध घेणें आणि मनुष्याची स्थिति सुधारणें हीं आहेत. पहिल्या मसुद्यांत हे शब्द खोडून त्या जागीं कामगार पुरविण्याची गरज भागविणें असे शब्द घातले होते. संस्थानभर ओरड झाली, तेव्हां गव्हर्नरांनीं ही लिहिण्यांतली चूक झाली म्हणून शब्द परत घातले. सत्यशोधकाच्या मुलखांत राहणाऱ्यांना ह्यावर अधिक सांगण्याची गरज नाहीं. गरिबाच्या पोरानें हुन्नर शिकावा, पण कां म्हणून विचारूं नये, हा डाव जुना आहे. तो तिकडे इंग्रजींत लिहिलेला होता एवढेंच.

आतां विद्यापीठांनीं ह्या तंगीला तोंड कसें दिलें तें पाहूं. हाच आजच्या बोलण्याचा गाभा.

पहिला उपाय, जागा रिकाम्या ठेवणें. कोणी म्हातारा प्राध्यापक पेन्शनीवर गेला कीं त्याच्या जागीं दुसरा नेमावयाचा नाहीं. उरलेल्यांवर त्याचे वर्ग वाटावयाचे. प्राध्यापकाच्या कायम नोकरीला कायद्यांत जें संरक्षण होतें तें २०१५ सालीं कायद्यांतून काढून नियामक मंडळाच्या नियमांवर सोपविलें. मग दुसरीं विद्यापीठें चांगल्या प्राध्यापकांना बोलावूं लागलीं, आणि त्यांना थोपवून धरण्यांत मॅडिसनला मोठी रक्कम खर्चावी लागली. पैसा वांचवावयास गेले आणि तोच दुसऱ्या दारानें गेला.

दुसरा उपाय, बाहेरचे विद्यार्थी घेणें. संस्थानांतल्या मुलाची फी त्या वेळीं गोठलेली होती, सालीना दहा हजार डॉलरांच्या वर थोडी. बाहेरच्या संस्थानांतून व परदेशांतून येणाऱ्याची फी गोठलेली नव्हती. २०१८ च्या सुमारास ती छत्तीस-सदतीस हजारांवर गेली. म्हणजे बाहेरचा एक विद्यार्थी घरच्या तिघांहून अधिक देतो. मॅडिसनमध्यें बाहेरच्यांचें प्रमाण शेंकडा २७.५ च्या वर जाऊं नये असा बांध घातलेला होता. २०१५ सालीं नियामक मंडळानें तो चार वर्षांसाठीं काढला, आणि दरसाल पहिल्या वर्षाच्या वर्गांत संस्थानांतलीं निदान ३,६०० मुलें घ्यावीं अशी अट घातली. अट घातली हें चांगलें झालें. पण पहा, ज्यांच्या बापजाद्यांनीं कर भरून विद्यापीठ उभें केलें, त्यांच्या मुलांना आपल्याच घरांत जागा राखून मागावी लागली.

ह्या बाहेरून येणाऱ्यांत आपल्या देशांतलीं मुलेंहि असतात. अमेरिकेच्या सरकारी विद्यापीठांत शिकण्यासाठीं येथील किती बाप जमीन गहाण टाकून कर्ज काढतात, हें तुम्हांला ठाऊक आहे. तिकडचें सरकार आपली मदत आंखडतें, आणि ती तूट भरून काढण्यांत आपल्या एखाद्या शेतकऱ्याच्या गहाणखताचाहि हातभार लागतो. जगाचा संबंध असा आहे. म्हणून विस्कॉन्सिनची गोष्ट परक्याची म्हणून सोडून देतां येत नाहीं.

तिसरा उपाय, देणग्या. मॅडिसनला श्रीमंत माजी विद्यार्थी पुष्कळ. एका दांपत्यानें २०१४ सालीं १० कोटी डॉलर देऊं केले, अट ही कीं इतरांनींहि तितकेच आणावे. आणि तसे आणले गेले. २०१८ सालीं विद्यापीठानें जाहीर केलें कीं, संस्थानांतल्या ज्या घराची मिळकत ५६,००० डॉलरच्या आंत आहे, त्या घरच्या मुलाची फी चार वर्षें विद्यापीठ भरील. ही मिळकतीची मर्यादा पुढें वाढविली गेली. ह्या फीमाफीसाठीं सरकारी कराचा पैसा न घेतां देणगीचा व विद्यापीठाचा स्वतःचा पैसा घातला. हें काम खरोखर नांवाजण्यासारखें आहे. गरिबाच्या पोराला आधींच स्वच्छ सांगितलें कीं तुला फी पडणार नाहीं, तर तें पोर दाराशीं येतें. नाहीं तर आंकडा ऐकूनच परत फिरतें. हें आम्ही शाळेंत रोज पाहतों.

पण देणगीचा पैसा जातो कोठें? जेथें आधींच नांव आहे तेथें. मोठ्या झाडाला पाणी घालावयास सगळे धांवतात. लहान गांवच्या कॉलेजाला कोट्यधीश माजी विद्यार्थी कोठून येणार?

म्हणून चौथा आणि पांचवा उपाय लहानांच्या वांट्याला आला. स्टीव्हन्स पॉइंट येथें ह्याच विद्यापीठसमूहाचें एक लहान विद्यापीठ आहे. त्याला दोन वर्षांत ४५ लाख डॉलरची तूट येणार असें दिसलें. २०१८ सालीं त्यानें १३ विषयांची पदवी बंद करण्याचें सुचविलें. त्यांत इंग्रजी, इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, राज्यशास्त्र असे विषय होते. विद्यार्थी व प्राध्यापक उठले, बोभाटा झाला. ती यादी आधीं सहा विषयांवर आली, आणि २०१९ सालीं ती सूचनाच मागें घेतली. लोक बोलले म्हणून विषय वांचले. पण ह्या सूचनेचा अर्थ समजून घ्या. श्रीमंताचीं मुलें मॅडिसनमध्यें इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकतील. शेतकऱ्याच्या व कामगाराच्या मुलानें जवळच्या कॉलेजांत फक्त पोटापुरतें शिकावें. इतिहास ज्याला ठाऊक नाहीं, त्याला कोणीहि कांहींहि सांगावें!

आणि सर्वांत कठीण गोष्ट शाखांची. विस्कॉन्सिनमध्यें लहान लहान शहरीं दोन वर्षांचीं १३ कॉलेजें होतीं. त्यांच्या जागा व इमारती जिल्ह्याच्या किंवा शहराच्या लोकांनीं आपल्या करांतून दिलेल्या. शिक्षक सरकारनें द्यावयाचे. शेतावरचें मूल सकाळीं धारा काढून कॉलेजांत जाई आणि संध्याकाळीं परत गोठ्यांत येई. दोन वर्षें अशीं घरीं राहून काढलीं कीं मग मोठ्या विद्यापीठांत जावयाचें. २०१८ सालीं हीं कॉलेजें मोठ्या विद्यापीठांना जोडून टाकलीं. पुढें रिचलँड येथील शाखेंत विद्यार्थी साठ-एकच उरले, आणि २०२३ सालीं तेथील वर्ग बंद झाले. त्यानंतर आणखीहि कांहीं शाखांना कुलुपें लागलीं. विद्यार्थी कमी झाले हें खरें. जन्माचें प्रमाण उतरलें, गांवें रिकामीं होत चाललीं, हेंहि खरें. पण शिक्षक कमी करावयाचे, विषय कमी करावयाचे, मुलें येण्यासाठीं कांहीं खटपट करावयाची नाहीं, आणि मग विद्यार्थी येत नाहींत म्हणून कुलूप लावावयाचें, हा क्रमहि तितकाच खरा. आपल्याकडे कमी पटाच्या शाळांची भाषा ज्यांनीं ऐकली आहे, त्यांना हें वेगळें समजावयास नको. १८८५ सालच्या त्या हिंवाळी अभ्यासक्रमालाहि विद्यार्थी घटल्यामुळें मॅडिसन सोडून रिव्हर फॉल्स येथें जावें लागलें.

सांगावयाचें तात्पर्य असें. काटछाट झाली म्हणून मॅडिसनचें मोठें विद्यापीठ मेलें नाहीं. त्याजवळ पेटंटें होतीं, श्रीमंत देणगीदार होते, बाहेरचे विद्यार्थी होते. तें निभावून गेलें. मेलीं तीं खेड्यांजवळचीं लहान कॉलेजें. घाव घालतांना नांव मोठ्याचें घेतात आणि कुऱ्हाड पडते ती रोपट्यावर. २०२५ सालच्या अंदाजपत्रकांत तेथील विद्यापीठांना दोन वर्षांसाठीं २५ कोटींहून अधिक डॉलरांची वाढ मिळाली. आनंदाची गोष्ट. पण बंद पडलेलें कॉलेज वाढीनें आपोआप उघडत नाहीं. विहीर एकदां बुजली कीं नवी खणावी लागते.

आणि ज्यांना फी परवडत नाहीं ते काय करतात? कर्ज काढतात. सबंध अमेरिकेंत विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचें कर्ज आज दीड लाख कोटी डॉलरांच्या वर आहे. सरकारनें देणें सोडलें तें ओझें नाहींसें झालें नाहीं; तें पोरांच्या डोक्यावर गेलें. सावकार बदलला, खत तेंच.

आतां आमच्यापैकीं कोणी जाणता उठून म्हणेल, "मास्तर, महात्मा फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें काय सांगितलें तें विसरलांत काय? रयतेच्या घामाचा पैसा उच्च वर्गाच्या कॉलेजांवर उधळतात आणि रयतेच्या पोरांना प्राथमिक शाळा नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. मग आज कॉलेजाची मदत कापली तर तुमचे डोळे कां ओले?"

हा प्रश्न आम्हीं स्वतःला पुष्कळदां विचारला आहे. आम्ही प्राथमिक शाळेचे मास्तर. शाळेचें छप्पर गळतें तेव्हां विद्यापीठाच्या संगमरवराचा राग आम्हांलाहि येतो. पण महात्म्यांचें तें निवेदन पुरतें वाचावें. त्यांची तक्रार खरी होती आणि कडक होती. तरीहि त्याच निवेदनांत त्यांनीं म्हटलें आहे कीं, देशाचें हित पाहणारा कोणीहि सरकारनें उच्च शिक्षणाची मदत ह्या घटकेला काढून घ्यावी अशी इच्छा करणार नाहीं. मागें राहिलेल्या वर्गाची काळजी सरकारनें तितक्याच कळकळीनें वाहावी, एवढेंच मागणें. बंधूंनो, हेंच खरें कोडें आहे आणि हेंच त्याचें उत्तर. महात्म्यांनीं दार मोडा असें सांगितलें नाहीं. दार आमच्यासाठींहि उघडा असें सांगितलें.

आणि दार उघडूं लागलें तेव्हां काय झालें? राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत वसतिगृह काढलें आणि पुढें एकेका जातीसाठीं काढीत गेले. १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेला गेले. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ सालीं साताऱ्यास कॉलेज उघडून कमवा व शिका म्हणून पोरांच्या हातीं कुदळ आणि पुस्तक दोन्ही दिलीं. अमेरिकेंतल्या त्या जमिनीवरच्या कॉलेजांचा नमुना पाहून आपल्या देशांत १९६० सालीं पंतनगर येथें पहिलें कृषि विद्यापीठ निघालें. महाराष्ट्रांत १९६८ सालीं राहुरीला निघालें, त्याला महात्मा फुल्यांचेंच नांव आहे. तीन-चार पिढ्या झटून आपलीं पोरें त्या दाराशीं पोंचलीं. आणि नेमकें आतांच सरकारला आठवलें कीं विद्यापीठावर फार खर्च होतो! उच्च वर्गाचीं पोरें आंत होतीं तोंवर खर्च डोळ्यांत आला नाहीं. ह्याचा अर्थ प्रत्येकानें आपल्या मनाशीं लावावा.

आपल्याकडे काय चाललें आहे तें तुम्ही जाणतां. १९८३ सालापासून विनाअनुदान कॉलेजांची वाट उघडली. सरकारनें परवानगी द्यावी, पैसा बापानें द्यावा. सरकारी मदतीच्या कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या, आणि पदव्यांवर पदव्या मिळविलेलीं आपलींच पोरें तासाच्या हिशेबानें मोलानें शिकवितात. शेतांत मजूर आणि कॉलेजांत मजूर! कोष्टी, कुंभार, लोहार, सुतार यांच्या घरांत जें पहिलें पोर शिकलें, त्याच्या नशिबीं हें आलें. विस्कॉन्सिनचा पहिला उपाय आपल्याकडे कधींचा पोंचला आहे. त्यांची फीमाफीची जाहीर हमी मात्र अजून सर्वांपर्यंत पोंचावयाची आहे.

मग आपण काय करावें? आम्ही तीन गोष्टी सांगतों.

पहिली, शाळा आणि कॉलेज यांची भांडणें लावून देणाऱ्यांना फसूं नका. बी पेरावयाचें तर पाणीहि पाहिजे. मत मागावयास येईल त्याला दोन्ही प्रश्न एकाच वेळीं विचारा : आमच्या गांवच्या शाळेंत शिक्षक किती देणार, आणि आमच्या तालुक्याच्या कॉलेजांत रिकाम्या जागा किती भरणार? उत्तर न देईल त्याला दुसऱ्या दाराची वाट दाखवा.

दुसरी, हिशेब मागा. सरकारनें संस्थेला किती दिलें, संस्थेनें फी किती घेतली, शिल्लक किती, हें फळ्यावर लिहिलेलें असावें. संस्था आपल्याच माणसांची असली तर अधिक मागा. विस्कॉन्सिनमध्यें झांकलेली शिल्लक शत्रूच्या हातीं कोलीत झाली, तें आपण ऐकलेंच.

तिसरी, वसतिगृहासाठीं मूठभर धान्य जरूर द्या. आपल्या थोरांनीं घालून दिलेली ती चाल आहे. पण देणगी ही भाकरीबरोबरची चटणी आहे, भाकरी नव्हे. भाकरी कराची आहे आणि कर आपण भरतों. काडेपेटी घेतली तरी भरतों. आम्ही वर्गणी काढतों म्हणून सरकारनें हात झटकावे, असें होऊं देऊं नका. आणि पोराच्या बरोबर पोरीलाहि पाठवा. काटछाट आली कीं घरांत पहिली शाळा सुटते ती तिची.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना आमचें उत्तर इतकेंच. मेलेली कालवड घेऊन बर्फांतून आलेल्या त्या शेतकऱ्याला सरकारी कचेरीचें दार बंद मिळालें. विद्यापीठाचें दार उघडें मिळालें. तें उघडें होतें, कारण त्याच्या आधींच्या पिढ्यांनीं कराच्या पैशानें आंत दिवा लावून ठेवला होता. उद्यां आपल्यापैकीं कोणाचा नातू कांहीं दुखणें, कांहीं प्रश्न घेऊन अशाच एखाद्या दाराशीं जाईल. तें दार उघडें सांपडावें, आणि आंत बसलेला माणूस आपल्यासारख्याच एखाद्या घरांतून आलेला असावा, एवढ्यासाठीं ही खटपट आहे.

सत्याचा जय होवो.